आपोआप वाजणारा पियानो घरी घेताय? आधी वायफाय बंद करून बघा

रील्समध्ये पाहिलं असेल: हॉटेलच्या लॉबीत पियानोच्या पट्ट्या आपल्याआप खाली-वर होतायत, पण समोरच्या स्टुलावर कोणीच नाही. आवाज मात्र स्पीकरचा नसतो, खऱ्या तारांचा असतो. हाच प्लेयर पियानो.

आत काय घडतं? प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइड, म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा दांडा असतो. वीज सोडली की दांडा पट्टी ढकलतो आणि हातोडी तारेवर आपटते. वीज कमी-जास्त केली की आवाज हळू-मोठा. अशा ८८ पट्ट्या, वर पेडलची सोय वेगळी.

विकत घ्यायचे मार्ग दोन. यामाहाचा डिस्क्लाव्हिअर किंवा स्टाइनवेचा २०१५ मध्ये आलेला स्पिरिओ कारखान्यातूनच तयार होऊन येतात. घरात चांगला पियानो आधीच असेल तर पियानोडिस्क किंवा क्यूआरएसचं किट बसवता येतं. त्यासाठी बहुतेक वेळा पट्ट्यांखालच्या फळीत खाच कापावी लागते, त्यामुळे हे काम अनुभवी तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

आता मुख्य मुद्दा. नीट सांभाळलेला पियानो पन्नास वर्षं सहज टिकतो. तुमच्या फोनमधलं एखादं अ‍ॅप तेवढं टिकेल का? शंभर वर्षांपूर्वी हे पियानो भोकं पाडलेल्या कागदी रोलवर चालायचे आणि सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा रोल वेगळा असे. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात उत्पादकांनी एकत्र बसून रोलची रुंदी आणि भोकांमधलं अंतर ठरवून टाकलं. म्हणून त्या मापाचा जुना रोल आजही दुसऱ्या कंपनीच्या, चालू स्थितीतल्या पियानोवर वाजतो. आजचं तसं समान माप म्हणजे १९८३ मध्ये आलेलं मिडी. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी, कधी, किती जोरात, एवढ्याच सूचना असतात. त्यामुळे अख्खं गाणं काही केबीत मावतं.

म्हणून डेमोला जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची मिडी फाइल न्या आणि दुकानदाराला वायफाय बंद करायला सांगा. फाइल तरीही वाजली तर उत्तम. सबस्क्रिप्शन संपल्यावर नेमकं काय काय बंद पडतं, हेही स्पष्ट विचारा. सेल्समन लायब्ररीत किती हजार गाणी आहेत ते सांगत बसेल; ते नंतर ऐका.

दुसरी परीक्षा हळू आवाजाची. जोरात वाजवणं कुठल्याही यंत्रणेला जमतं. एकदम हळुवार तुकडा लावा: मधले सूर गळत असतील तर यंत्रणा कच्ची आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण स्पीकरसारखा व्हॉल्यूम हवा तेवढा खाली आणता येत नाही. काही मॉडेलमध्ये सायलेंट मोड असतो: हातोडी तारेला लागायच्या आधीच थांबते आणि हेडफोनमध्ये डिजिटल आवाज येतो.

स्वतः वाजवलेलं रेकॉर्ड करायचंय? मग पट्ट्यांची हालचाल टिपणारे सेन्सर आहेत का ते बघा. साधा स्पिरिओ फक्त वाजवतो, रेकॉर्डिंगसाठी स्पिरिओ आर लागतो. किटमध्येही सेन्सर बऱ्याचदा वेगळे घ्यावे लागतात.

आणि हो, पियानो स्वतः वाजतो, पण स्वतः सुरात लागत नाही. वर्षातून साधारण दोनदा ट्यूनर बोलवावा लागेल. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, तेव्हा खोलीतला दमटपणा आटोक्यात ठेवायचा खर्चही बजेटमध्ये आधीच धरा.