एक मत, दोन प्रश्न : जर्मन संसदेतील १६ नोव्हेंबर २००१ चे मतदान

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी जर्मन संसदेत अमेरिकेला ‘अमर्याद ऐक्यभावा’ची ग्वाही दिली. या शब्दप्रयोगातील ‘अमर्याद’ हे विशेषण पुढे सत्ताधारी आघाडीला जड गेले. सोशल डेमोक्रॅटांचा सहकारी असलेला ग्रीन पक्ष १९८० मध्ये स्थापन झाला, तो शांतता चळवळीच्या प्रेरणेतून. त्याच पक्षाचे योश्का फिशर आता परराष्ट्रमंत्री होते, आणि ३,९०० पर्यंत सैनिक पाठविण्याचा प्रस्ताव सभागृहापुढे होता.

सैन्य परदेशी धाडण्यास संसदेची संमती अनिवार्य असल्याचा निर्णय घटना न्यायालयाने १९९४ मध्येच दिला होता. संमती मिळण्याविषयी शंकाही नव्हती. ख्रिश्चन डेमोक्रॅट व लिबरल हे विरोधी पक्ष मोहिमेस अनुकूलच होते. परंतु विरोधकांच्या टेकूने युद्धनिर्णय घेणे श्रोडर यांना मान्य नव्हते. त्यांनी राज्यघटनेच्या ६८ व्या कलमाचा आधार घेऊन या प्रस्तावाला विश्वासदर्शक ठराव जोडला. एखाद्या धोरणविषयक प्रश्नाशी विश्वासाची अशी सांगड संघराज्याच्या इतिहासात प्रथमच घातली गेली.

परिणाम विलक्षण झाला. मोहिमेस अनुकूल असलेल्या विरोधकांनी सरकारवर विश्वास नसल्यामुळे ‘नाही’ म्हटले. मोहीम अमान्य असलेल्या सत्ताधारी सदस्यांपैकी बहुतेकांनी सरकार टिकावे म्हणून ‘होय’ म्हटले. क्रिस्टा ल्योर्खर यांनी सोशल डेमोक्रॅटांचा संसदीय गट सोडून विरोधी मत दिले. ग्रीन पक्षातील आठ असंतुष्टांनी तर आपली मते वाटूनच घेतली : चार होकारार्थी, चार नकारार्थी. विरोधाची नोंद व्हावी आणि सरकारही पडू नये, असा हा हिशेब होता. तो केवळ संधिसाधूपणा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. प्रश्नच असा विचारला गेला होता की प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येऊ नये. आवश्यक ३३४ मतांऐवजी ३३६ मते पडली, विरोधात ३२६.

म्हणूनच या दिवसाचा इतिहास केवळ मतगणनेवरून लिहिता येत नाही. नाववार यादीत युद्धविरोधक आणि युद्धसमर्थक परस्परांच्या जागी उभे दिसतात. अनेक सदस्यांनी आपल्या मताचा अर्थ सांगणारी लेखी निवेदने सादर केली. संसदीय कामकाजात सहसा दुर्लक्षित राहणारा हा लेखनप्रकार येथे मूळ संहितेइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण त्यावाचून ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शब्द वाचकाची दिशाभूल करतात.

त्याच महिन्यात रोस्टोक येथील अधिवेशनात ग्रीन पक्षाने मोहिमेस बहुमताने पाठिंबा दिला. नकार देणाऱ्या चौघांपैकी हान्स-ख्रिस्टियान श्ट्रोबेले यांना २००२ च्या निवडणुकीसाठी पक्षाच्या यादीत खात्रीचे स्थान मिळाले नाही. ते बर्लिनमधील एका मतदारसंघातून थेट उभे राहिले आणि निवडून आले. थेट मतदानाने जागा जिंकणारे ते ग्रीन पक्षाचे पहिले संसद-सदस्य होत.