रुमालाखालचा भाव

बाजाराच्या पटांगणात दोन गृहस्थ समोरासमोर उभे राहतात. एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल नाहीतर उपरण्याचा शेव टाकतात, आणि तोंडाने अवाक्षर न काढता बोटे दाबू लागतात. कोणते बोट धरले, किती वेळा दाबले, यावरून रुपये ठरायचे आणि आणेही ठरायचे. क्षणभराने हात सुटतात, माना डोलतात, सौदा झाला! आणि ज्याचा माल, तो शेतकरी? तो आपल्या गाडीच्या जुवाशी उभा. अडत्या त्याच्या कानाशी येऊन जो आकडा सांगेल, तो त्याचा भाव. रुमालाखाली खरोखर किती बोटे दाबली गेली, हे त्याने कोणाला विचारायचे?

या रीतीला हत्ता म्हणत. हिंदुस्थानातील कितीतरी पेठांत ती पिढ्यान् पिढ्या चालली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना आणि तहांना पानेच्या पाने मिळतात, या रुमालाला मात्र एक ओळही मिळत नाही. पण कुणब्याच्या घरात वर्षभर काय शिजणार, हे पुष्कळदा त्या रुमालाखालीच ठरत असे. तो दूर करण्याचा पहिला सरकारी प्रयत्न आपल्याच मुलखात झाला, म्हणून त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते.

गाव कारंजा. दत्तभक्तांना ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक आहे, आणि जुन्या पोथ्यांचा शोध घेणाऱ्यांना तेथील जैन ग्रंथभांडारांसाठी. आज ते वाशीम जिल्ह्यात येते. पण 1886 साली याच कारंज्यात कापसाचा बाजार सरकारी नियमांखाली आणला गेला, आणि या देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद झाली.

कारंज्यातच का, म्हणाल, तर थोडे मागे जावे लागते. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीकडे लागले. भाव असे चढले की कापूस पिकवणारा, विकणारा आणि नुसता बोलणारा, सगळेच शहाणे ठरले! लढाई थांबली, भाव कोसळले; पण रेल्वे मात्र आली. 1867 पर्यंत ती वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, आणि 1870 साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका कापसाच्या पेठेसाठी व्हाइसरॉय यावा, यावरून त्या पेठेचे वजन ओळखावे.

आता गिरणीवाल्यांची तक्रार अशी, की हिंदुस्थानचा कापूस येतो तो भेसळीचा. कोणी पाणी शिंपडतो, कोणी माती-सरकी मिसळतो, कोणी चांगल्या मालात हलका दडपतो. मुंबई इलाख्यात तर 1863 सालीच या लबाड्यांविरुद्ध कायदा झाला होता. म्हणजे पाहा, कारंज्याचा बाजार शिस्तीत आणण्यामागची पहिली कळकळ मँचेस्टरची होती. चोख कापूस, माफक भावात, बिनबोभाट मिळावा, एवढेच त्यांना हवे होते. शेतकऱ्याचे जे काही भले झाले ते ओघाने झाले. पण झाले, हेही नाकारून चालणार नाही.

1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापारी यांना परवाने घ्यावे लागले, देखरेखीला समिती आली. सकाळी गाड्या बाजारात उभ्या राहायच्या, व्यापारी कापूस हातात घेऊन पाहायचा, भाव ठरायचा, आणि मग गाडी जिनात जायची. खरी मेख इथेच होती. भाव ठरला पटांगणात, माप व्हायचे जिनाच्या आवारात. तिथे गाडी रिकामी होऊ लागली की व्यापारी म्हणणार, ‘वरचा माल निराळा, खालचा निराळा; इतके कमी करा.’ बैल सोडलेले, कापूस खाली ओतलेला, सूर्य कललेला. अशा वेळी शेतकरी कापूस पुन्हा गाडीत भरून परत थोडाच नेणार? तंटा मिटवायला समिती होती खरी, पण समितीत बसलेले कोण? व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच पंगतीतला पंच! आणि बाजाराच्या फीचे उत्पन्न जायचे नगरपालिकेकडे.

ही गोष्ट पुढे चव्हाट्यावर आली ती चौकशीमुळे. 1921 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली, आणि तिने 1925 ते 1928 या काळात कापसाच्या निरनिराळ्या टापूंत आठ पाहण्या करविल्या. प्रश्न अगदी साधे होते. कर्ज कोणाचे? कापूस विकला तो गावातच की बाजारात नेऊन? विकला कोणाला? मला या पाहण्यांचे महत्त्व फार वाटते. तोवर ‘शेतकरी बिचारा नाडला जातो’ असे सभेत म्हणणारे पुष्कळ होते; पण किती, कोठे आणि कोणत्या नावाखाली, हे त्याच्या ओट्यावर बसून लिहून घेणारे थोडे. आपल्याकडे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी 1917 साली प्रसिद्ध केली, तीही याच जातीची. आणि 1933 साली धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याच्या फळबाजाराची पाहणी छापली. राष्ट्राच्या संपत्तीवर व्याख्याने देण्यापेक्षा फळांची टोपली कोणाकोणाच्या हातून जाते ते पाहत बसणे, हे विद्वानाला कमीपणाचे वाटले नाही, ही मोठी गोष्ट होय.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या शेतकी कमिशनने 1928 साली अहवाल दिला. त्यात वऱ्हाडी बाजारांची वाखाणणी होती, आणि त्यांच्या समित्यांत शेतकऱ्याला जागा नाही यावर बोटही ठेवलेले होते. खोटी मापे, वाणगी म्हणून उचललेला माल, धर्मादाय, पांजरपोळ, हमाली, वटाव या सगळ्या कपाती तेथे चर्चेला आल्या. धर्मादायाची मौज अशी, की दान शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जायचे आणि पुण्य व्यापाऱ्याच्या नावे जमा व्हायचे.

मग कायद्यांची रीघच लागली. मुंबई इलाख्यात 1927 साली कापसापुरता आणि 1939 साली सर्व शेतमालासाठी. निजामाच्या राज्यात 1930 साली. मध्यप्रांतात 1932 साली कापसासाठी. एकाच मराठी मुलखात शेतकरी तीन कायद्यांखाली माल विकत होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1963 साली एकच कायदा झाला, आणि तो 1967 साली अमलात आला. दरम्यान 1956 च्या वजन-मापांच्या कायद्याने पेठेपेठेचा निराळा मण जाऊन क्विंटल आला. माझ्या मते या एका फेरफाराने जितकी फसवणूक बंद झाली, तितकी पुष्कळ शिक्षा सांगूनही झाली नसती. कारण दोन गावांचा भाव ताडून पाहणे प्रथमच सोपे झाले.

पण एका माणसाचा विचार या साऱ्या कायद्यांना नीट करता आला नाही. ज्याने पेरणीच्या वेळीच सावकाराकडून पैसे उचलले आणि कापूस त्यालाच घालायचे कबूल केले, त्याच्यासाठी बाजारातला लिलाव उघडा असला काय आणि झाकलेला असला काय! त्याचा सौदा आषाढातच आटोपलेला. त्याची गाडी कारंज्याच्या पटांगणावरून जायची, पण तेथे थांबायची नाही. 1972 साली महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकाराने खरेदी करायला सुरुवात केली, तेव्हा या माणसापर्यंत पोहोचण्याची आशा होती. त्या योजनेचे यशापयश हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आणि त्या भाषणाची सुरुवात पटांगणापासून नव्हे, सावकाराच्या वहीपासून करावी लागेल.