बावट्याची वाटचाल

कोकणात 'बावटा लागला' म्हटलं की होड्या किनाऱ्याला घ्यायच्या, हे पोरासोरांनाही कळतं. दर्यावरचं निशाण आधी लांबून ओळखू आलं पाहिजे. शोभेचं नंतर बघू. आपल्या नौदलाच्या निशाणाची वाटचाल मला याच कसोटीवर पाहावीशी वाटते.

1934 साली 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळालं तेव्हा जहाजांवर ब्रिटिश धाटणीचंच निशाण होतं: पांढऱ्या कापडावर सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात युनियन जॅक. फेब्रुवारी 1946 मध्ये खलाशांनी ते स्वतःच्या हातांनी उतरवलं. 18 तारखेला मुंबईच्या 'तलवार' तळावर संप सुरू झाला आणि बघता बघता बंदरातल्या जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे शेजारी शेजारी लागले. बाहेर झेंड्यांवरून डोकी फुटत असताना या पोरांनी तिन्ही लावून टाकले! 23 तारखेला उठाव संपला आणि जुनं निशाण परत आलं.

26 जानेवारी 1950 ला कोपऱ्यात तिरंगा आला; क्रॉस मात्र राहिला, तो पुढं अर्धशतक. 15 ऑगस्ट 2001 ला तो काढून नौदलाचं निळं बोधचिन्ह बसवलं. हेतू रास्त होता, पण निळी आकृती आभाळात आणि पाण्यात हरवू लागली. तक्रारी झाल्या आणि 2004 साली क्रॉस परत आला, या वेळी मधोमध अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. 2014 मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते' आलं. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत, नवी विमानवाहू नौका 'विक्रांत' दाखल होताना, क्रॉस कायमचा गेला. त्याच्या जागी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. महाराष्ट्राला त्याचा आनंद होणारच. मला पटलं ते त्याचं गडद निळं अंग आणि सोनेरी दुहेरी कड: 2001 ची चूक इथं टळली आहे.

कापड इतक्यांदा बदललं, रीत मात्र जुनीच. जहाज बंदरात असलं की आठला पाच मिनिटं कमी असताना तयारीचा बावटा वर जातो. पिछाडीच्या काठीशी निशाणाची घडी धरून नौसैनिक उभा. आठच्या ठोक्याला शिट्टी वाजते, डेकवरचा प्रत्येक माणूस असेल तिथं पिछाडीकडे तोंड करून थिजतो. दोरी सरकते, निशाण चढतं. नाळेवर तिरंगा चढतो. दुसरी शिट्टी झाली की मगच बादल्या-कुंचे हलतात. संध्याकाळी सूर्यास्ताला हेच उलट. भर समुद्रात मात्र रात्रीही निशाण उतरत नाही.

प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जहाज 'सजतं': नाळेपासून डोलकाठीवरून पिछाडीपर्यंत संदेशाच्या पताकांची माळ. क्रम ठरलेला, नाहीतर चुकून भलताच निरोप वाचला जायचा. दुखवट्यात निशाण आधी पार टोकाला नेऊन मग अर्ध्यावर आणतात. व्यापारी जहाजानं जाताना निशाण झुकवलं तर युद्धनौका उत्तरादाखल झुकवते. आपणहून आधी कधीच नाही. हे सगळं ब्रिटिशांकडून आलं आणि आपण ठेवलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. समुद्रावर सगळ्यांना कळेल असं वागावं लागतं.

निवृत्त होणाऱ्या नौकेवर एक लांबच लांब पताका चढते. जितकी सेवा दीर्घ, तितकी पताका लांब, असा प्रघात. विमानवाहू नौका 'विराट' आपल्याकडे 1987 साली आली. 6 मार्च 2017 रोजी मुंबईत सूर्यास्ताला तिचं निशाण उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिच्यावर ते चढलं नाही.