आडाचा ठाव

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें व पाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटलें आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. तेव्हां वाड्यांतले आड आणि नानासाहेब पेशव्यांच्या कात्रज-नळाचे हौद शहराच्या उपयोगी पडले.

विहिरींत पाणी किती, हें राज्याची भूजल यंत्रणा फीत सोडून मोजीत आली. निरीक्षण-विहिरींत वर्षांतून चार वेळां. पुढें पाण्याचा दाब जाणणारीं स्वयंलेखी यंत्रें आलीं. पण जुन्या आडांत गाळ साचतो, कचरा पडतो, पंप चालतां पातळी हेलकावते. म्हणून यंत्र छिद्रें पाडलेल्या नळींत, गाळाच्या वर टांगावें लागतें. त्याचा आंकडा फितीनेंच पडताळावा लागतो.

आड बुजविला, तर मात्र मोजावयास कांहींच उरत नाहीं.