किरणोत्सर्गाची एकके : तुर्भे ते काशी

किरणोत्सर्गी पदार्थातील अणुकेंद्रांचे आपोआप विघटन होऊन त्यातून किरण बाहेर पडतात, आणि या क्रियेच्या मापनाचा इतिहास हा पदार्थाच्या राशीकडून मानवी शरीराकडे वळत गेलेल्या विचाराचा इतिहास आहे. 1910 मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत ठरलेले ‘क्युरी’ हे एकक एक ग्रॅम रेडियमशी समतोल राखणाऱ्या वायूच्या, म्हणजे रेडॉनच्या, राशीवर आधारलेले होते. पुढे सेकंदाला 37 अब्ज विघटने असा त्याचा अर्थ निश्चित झाला आणि ते सर्वच किरणोत्सर्गी पदार्थांना लागू पडले.

मुंबईजवळ तुर्भे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाल्यावर देशात किरणोत्सर्गी समस्थानिके तयार होऊ लागली, आणि 1963 मध्ये परळला स्थापन झालेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रामुळे त्यांच्या वैद्यकीय वापराला स्थिर अधिष्ठान लाभले. अवटू ग्रंथीच्या रुग्णाला द्यावयाचे आयोडीन-131 आजही बहुधा मिलिक्युरीत, म्हणजे क्युरीच्या सहस्रांशात, सांगितले जाते.

मात्र स्रोतात किती विघटने होतात एवढेच क्युरी सांगतो. शरीराने किती ऊर्जा शोषली हे त्यातून कळत नाही. म्हणून 1975 मध्ये सेकंदाला एक विघटन दर्शवणाऱ्या ‘बेकरेल’बरोबरच किलोग्रॅममागे एक ज्यूल शोषित ऊर्जा दाखवणारे ‘ग्रे’ हे एकक स्वीकारले गेले, आणि 1979 मध्ये किरणांच्या प्रकारानुसार होणारी जैविक हानी विचारात घेणारे ‘सीव्हर्ट’ त्यांना जोडले गेले. कारण तेवढीच ऊर्जा शोषली गेली, तरी अल्फा कणांची हानी गॅमा किरणांच्या वीसपट धरली जाते. भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि सामान्य जनतेसाठी 1 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे.

मुंबईत रुजलेली किरणोत्सर्ग वैद्यकाची ही विद्या आता काशीतही पोहोचली आहे. त्या नगरीत अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील टाटा स्मारक केंद्राची दोन कर्करोग रुग्णालये आहेत, आणि तेथे किरणोपचाराची मात्रा ग्रेमध्येच ठरते. मिलिक्युरी स्रोताविषयी, ग्रे शोषित ऊर्जेविषयी आणि सीव्हर्ट हानीच्या शक्यतेविषयी बोलते. म्हणून वैद्यकीय अहवालातील आकडा वाचताना प्रत्येक रुग्णाने व त्याच्या आप्तांनी आधी त्यापुढचे एकक पाहावे, कारण एककावाचून त्या आकड्याला अर्थ नाही.