गोवा ते मुंबई : हवाई अंतर आणि प्रवासाचा प्रत्यक्ष वेळ

गोव्यातून मुंबईला विमानाने जाताना दाबोळी आणि मोपा असे दोन पर्याय उपलब्ध आहेत. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून ‘गोवा ते मुंबई अंतर किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर राहिलेले नाही.

सरळ रेषेतील अंतर

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून दाबोळीचे हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे साधारण २३० सागरी मैल आहे. मोपा उत्तरेकडे असल्याने तेथून हे अंतर सुमारे ३८५ किलोमीटर भरते.

उड्डाणाचा वेळ

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ४२५ किलोमीटर कापण्यास जेमतेम ३२ मिनिटे लागतील. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासचा कालावधी दिसतो. कमी अंतराच्या उड्डाणाचा बराचसा भाग चढण्या-उतरण्यातच जातो आणि तेव्हा वेग कमी असतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर थांब्यापर्यंत येण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते.

दाबोळी की मोपा?

मोपाहून हवाई अंतर ४० किलोमीटरने कमी असले, तरी आकाशात वाचतात ती तीन मिनिटे. मडगावच्या प्रवाशाला दाबोळी सुमारे २५ किलोमीटरवर, तर मोपा ६५ किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे त्या तीन मिनिटांसाठी रस्त्यावर जवळपास तासभर जादा जातो. पेडणे, सावंतवाडी किंवा बेळगावच्या प्रवाशाचे गणित याच्या नेमके उलट आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तेथील नागरी उड्डाणांच्या वेळांवर नौदलाच्या सरावामुळे मर्यादा येतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दारापासून दारापर्यंत

मडगावहून दाबोळीमार्गे जाणाऱ्याने रस्त्याचा पाऊण तास, विमानतळावरील दीड तास, उड्डाणाचा सव्वा तास, सामान घेऊन बाहेर पडण्याचा अर्धा तास आणि मुंबईतील वाहतुकीचा एक तास धरावा. एकूण हिशेब पाच तासांचा होतो. मडगाव–मुंबई वंदे भारत एक्सप्रेसला पावसाळा वगळता साधारण पावणेआठ तास लागतात.

तिकीट काढताना

तिकिटावर दाबोळीसाठी ‘जीओआय’ आणि मोपासाठी ‘जीओएक्स’ हे संकेत असतात. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने तिकडचा संकेतही तपासणे आवश्यक ठरते. दाबोळी आणि मोपा यांच्यात रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरचे अंतर आहे, तर बहुतेक कंपन्यांचे नोंदणी कक्ष उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. चुकीच्या विमानतळावर पोहोचल्यास विमान हुकणे जवळजवळ निश्चित असते. मुंबईतील रुग्णालयाची वेळ घेतलेल्या रुग्णासाठी किंवा मुलाखतीला निघालेल्या उमेदवारासाठी ही चूक तिकिटाच्या पैशांहून कितीतरी महाग पडते.