फ्रान्सचे विभाग व त्यांचा कारभार

१७८९ पूर्वीं फ्रान्सांत राजा एक होता, कायदा मात्र एक नव्हता. ब्रिटनी, नॉर्मंडी, प्रोव्हान्स हे प्रांत निरनिराळ्या काळीं राज्यास जोडले गेलेले. प्रत्येकाच्या रूढी, कर व सवलती वेगळ्या. मिठावरील कर एका प्रांतांत जाचक, तर ब्रिटनींत मुळींच नाहीं!

राज्यक्रांतीनें हे प्रांत मोडले. १७९० सालीं देशाचे ८३ विभाग, म्हणजे ‘देपार्तमां’, पाडण्यांत आले. जुना प्रांताभिमान मावळावा म्हणून बहुतेकांस नद्यापर्वतांचीं नांवें दिलीं; सोम ही नदी, जुरा हा पर्वत. मुख्य ठिकाण रहिवाशास एका दिवसांत गांठतां यावें, हा हेतु होता. कारभार निवडलेल्या मंडळांकडे सोंपविला.

ही मोकळीक फार काळ टिकली नाहीं. १८०० सालीं नेपोलियननें प्रत्येक विभागावर आपण नेमलेला प्रीफेक्ट बसविला. गांवचे मेयरही वरूनच नेमले जाऊं लागले. सीमा बहुतेक त्याच राहिल्या. सत्ता तेवढी पॅरिसला गेली.

ती परत येण्यास पिढ्या लोटल्या. १८८४ च्या कायद्यानें गांवच्या मंडळांचा मेयर निवडण्याचा हक्क पक्का झाला. पॅरिसला मात्र तो १९७७ पर्यंत थांबावें लागलें. विभागाचा कारभार प्रीफेक्टकडून निवडलेल्या मंडळाच्या अध्यक्षाकडे आला तो १९८२ सालीं.

नकाशावर रेघा ओढण्यास कांहीं महिने पुरले; त्या रेघांच्या आंतील माणसांवर पुन्हां विश्वास टाकण्यास १८२ वर्षें लागलीं. प्रांतरचनेचा खरा प्रश्न सीमेचा नसून, आंत हुकूम कोणाचा चालतो, हाच असतो.